अर्ध्या दिवसाच्या मॅडम

इंगोले मॅडमना ‘अर्ध्या दिवसाच्या मॅडम’ हे नाव मी ठेवलं. सुरुवातीलाच कबूल करून टाकतो, कारण शाळेत आजही कोणी विचारतं, हे नाव निघालं कोणाच्या डोक्यातून, आणि मी खाली मान घालून आवक-जावक रजिस्टर चाळत बसतो. मी त्या शाळेचा लिपिक. म्हणजे बाबू, राऊत बाबू. महागाव तालुक्यातल्या एका खेड्यात एका खाजगी संस्थेची ही पाचवी ते दहावीची शाळा. एवढ्याशा शाळेत बाबूला ठाऊक नाही असं काही नसतंच, असा माझा तेव्हा ठाम समज होता.

दिसायला बाई एकदम धडधाकट. उंच, ताठ, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि आवाज असा की पहिल्या तासाला दहावीत त्या ‘समजा’ म्हणाल्या की ते माझ्या ऑफिसात ऐकू यायचं. गणित शिकवायच्या. रुजू झाल्या त्याच आठवड्यात माझ्या टेबलाशी आल्या.

“बाबू, मले सकाळचे पहिले तीन तास द्या. जेवणाच्या सुट्टीनंतर एकही नको.”

“काहून मॅडम?”

“गणित सकाळीच डोक्यात शिरते.”

“अन् राह्यलेले तास?”

“शनवारी सकाळची शाळा आहे. त्या दिवशी सगळे माझ्यावर टाका. सुट्टीतले जादा वर्गही घेईन.”

मुख्याध्यापक भोयर सरांना कारण पटलं. मी वेळापत्रक तसं बसवलं. पण सुट्टी संपली की मॅडम दिसेनाशा व्हायच्या. प्रयोगशाळेत जायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. इकडे बाकीचे शिक्षक पत्र्याखाली घामाघूम होऊन इतिहास-भूगोल ओढत असायचे. एकदा चहाच्या वेळी कोणीतरी विचारलं, इंगोले मॅडम कुठं गेल्या? मी म्हणालो, “त्या अर्ध्या दिवसाच्या आहेत, बारा वाजता त्याहिची लाइन जाते.” आमच्याकडे लाइन म्हणजे वीज. हशा पिकला. माझ्या कुठल्याही बोलण्यावर शाळेत इतकं कधी कोणी हसलं नव्हतं, म्हणून मी ते आणखी दोनदा बोललो. तेवढ्यात नाव पक्कं झालं.

त्यांच्या काही सवयी होत्या, आणि प्रत्येक सवयीचा आम्ही उलटा अर्थ लावला होता.

शाळेला सहा पायऱ्या आहेत. तिसऱ्या पायरीवर मॅडम थांबायच्याच. जाणाऱ्या-येणाऱ्याला गाठून काहीतरी विचारायच्या. “काय रे, बाप कापसात गेला का?” “बाबू, पगारबिल गेलं का?” उत्तर ऐकून झालं की उरलेल्या तीन पायऱ्या चढायच्या. मला वाटायचं, बाईला भलत्या चौकशा. उत्तराशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं, त्या वेळात पाय परत त्यांचे होत होते, हे मला फार उशिरा समजलं.

डबा त्या एकट्याच खायच्या. पातळ वरण आणि गिजगा, अगदी मऊ भात, रोज तेच. भाकरी आणलेली कोणी पाहिली नाही. कोणाचा वाढदिवस असला आणि समोसे आले की आपला समोसा कागदात बांधून पिशवीत ठेवायच्या. बायका म्हणायच्या, आपल्यासोबत खायला यांना कमीपणा वाटतो. हसायच्या तर जवळपास नाहीच. विनोद झाला की मान हलवायच्या, तीही एकदाच. फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात त्यांचं अक्षर कधी दिसलं नाही. आकृती काढून द्यायच्या आणि खुर्चीवर बसायच्या, पुढचं पोरांनी लिहायचं. एकेकाला फळ्यापाशी बोलावायचं, चुकू द्यायचं, आणि त्याचं तोच खोडेपर्यंत गप्प बसायचं. ‘बसून पगार घेतात’ असं स्टाफरूममध्ये म्हटलं जायचं. ज्यांची पोरं त्या वर्गात होती ते मात्र तसं म्हणत नसत, कारण बाकी शाळा बुडवणारं पोरगंही गणिताच्या तासाला हजर असायचं.

तिसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये मला एका कागदावर त्यांची सही हवी होती. दुपारचे तीन वाजले होते. प्रयोगशाळेचं दार ढकललं तर मॅडम लांबच्या बाकावर आडव्या. डोळ्यांवर माठातल्या पाण्यात भिजवलेला रुमाल. मी खाकरलो. त्यांनी रुमाल काढला. डाव्या डोळ्याची पापणी पूर्ण खाली आलेली, उजवी अर्धी. तोंड सैल पडलेलं. सकाळच्या बाईंचा तो चेहराच नव्हता.

“अरे, मॅडमले लकवा मारला!” मी ओरडलो.

“ओरडू नका बाबू. पोरं घाबरतात. दार लावा.”

आवाज नाकातून येत होता, शब्द एकमेकांत मिसळत होते. मी दार लावलं. त्यांनी पदराच्या गाठीतून एक चपटी स्टीलची डबी काढली, त्यातली गोळी जिभेवर ठेवली, घोट घोट पाणी प्याल्या आणि मला खुणेनं बसवलं. अर्ध्या तासाने पापणी वर चढली. ती चढताना मी पाहत होतो.

“मायस्थेनिया,” त्या म्हणाल्या. “लिहून घ्या. नाहीतर उद्या कावीळ सांगत सुटाल.”

मी खरंच लिहून घेतलं. मग त्यांनी सांगितलं. हातापायांत ताकद असते, पण डोक्याचा हुकूम तिथवर पोचत नाही. पहिल्यांदा हात उचलला तर पोचतो, पाचव्यांदा अर्धाच पोचतो, दहाव्यांदा नाहीच. पापणी उघडी ठेवणं, घास चावणं, बोलणं, हसणं, सगळ्याला तोच नियम. पडून राहिलं की थोडं परत येतं. ऊन असलं की तेही येत नाही. बारा वर्षं झाली होती. नागपूरला दर तीन महिन्यांनी जात होत्या.

“शेतातली लाइन असते ना बाबू, तसं समजा. कागदावर आठ तास, खरी किती राहीन कोणाले मालूम. आहे तवर ओलीत करून घ्याचं. गेल्यावर मोटरचं बटन दाबत बसून काय फायदा?”

लाइनीवरून मी त्यांचं नाव ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं होतं की नाही हे विचारायची माझी छाती झाली नाही.

“मग मॅडम, सांगत काहून नाई कोणाले?”

त्यांनी रुमालाची घडी घालायला घेतली. मला वाटलं बोलण्याची ताकद संपली. पण विचार करत होत्या.

“दिसत नाई तवर लोक म्हणतात, नाटक आहे. एकदा दिसलं की म्हणतात, आता ह्या बाईच्यानं काय होते? मधात उभं राहाले मले जागाच नाई देत कोणी. म्हणून जे चांगलं आहे तेवढंच दाखवते. बाकीचं ह्या खोलीत.”

कोणाला सांगणार नाही असं मी कबूल केलं आणि पाळलं. मी ठेवलेलं नाव मागे घ्यायचाही प्रयत्न केला. कोणी ‘अर्ध्या दिवसाच्या’ म्हटलं की मी ओरडायचो, “नीट नाव घ्या जी, इंगोले मॅडम म्हणा.” लोकांना तीही माझी मस्करीच वाटायची.

मग ते झेंडावंदन आलं. पावसाने ओढ दिली होती आणि ऑगस्ट असून अंगाची काहिली होत होती. झेंडा, राष्ट्रगीत, सगळं मॅडमनी ताठ उभं राहून केलं. त्यानंतर संस्थेचे सचिव साहेब भाषणाला उभे राहिले. पोरं खाली बसली, स्टाफ मात्र रांगेत उभा, अशी आमच्याकडची पद्धत. साहेबांचं भाषण म्हणजे संस्थेच्या स्थापनेपासून. पंचवीस मिनिटं झाली, अजून इमारतीचा पाया खणणं चालू होतं. मॅडम रांगेतून निघाल्या, चार पावलं मागे गेल्या आणि पायरीवर बसल्या. मान भिंतीला टेकवली, डोळे मिटले.

साहेब थांबले. माइकवरूनच म्हणाले, “आमचं भाषण मॅडमले झोप आणून राह्यलं वाटते.”

अख्खं मैदान हसलं. मी खरं काय ते जाणत होतो. तरी मीही हसलो, कारण साहेबांची नजर आमच्या रांगेवर होती. ते हसू आठवलं की अजूनही माझंच तोंड मला कडू लागतं.

एप्रिलमध्ये बदलीचा आदेश आला. घाटावरच्या शाखेत गणिताला शिक्षक नाही, सबब इंगोले मॅडमनी जूनपासून तिथं रुजू व्हावं. त्या शाखेला बस फाट्यापर्यंत जाते, पुढे अडीच किलोमीटर चढ. शाळा भरते बारा वाजता. ज्या वेळी मॅडमचा दिवस संपायचा त्या वेळी तिथला दिवस सुरू व्हायचा, आणि तोही तो चढ चढून गेल्यावर. आदेश मीच टाइप केला होता.

मॅडमनी तो वाचला, घडी केली. “वर गेले तर शिकवणं संपलं, बाबू. चढतानाच सगळं सरून जाईन.” इतकी वर्षं जे लपवलं होतं ते मग त्यांनी पहिल्यांदा अर्जात लिहून दिलं, सोबत नागपूरची ही जाडजूड फाइल. साहेबांनी अर्जावर शेरा मारला, ‘समितीसमोर तपासणी व्हावी.’ समिती म्हणजे स्वतः साहेब, भोयर सर आणि साहेबांच्या ओळखीचे एक हाडांचे डॉक्टर. मे महिन्यातली तारीख, सकाळी अकरा.

आता इथे जी चूक झाली ती आमच्या दोघांची. मॅडमची रीत ठरलेली होती. महत्त्वाचं काम असलं की आधी तीन दिवस जपून राहायचं. बोलायचं नाही, चुलीपुढे जायचं नाही, अंधाऱ्या खोलीत कुलर लावून पडून राहायचं, म्हणजे त्या दिवसापुरतं अंग साथ देतं. मुलाच्या लग्नात त्या अशाच उभ्या राहिल्या होत्या. मीही शहाणपणा करून फोनवर सांगितलं, “मॅडम, चांगला आराम करून या. समितीपुढं ताजंतवानं दिसलं पायजे.” त्यांनाही ते बरोबर वाटलं. आम्हा दोघांनाही सुचलं नाही की हा एक दिवस असा होता, ज्या दिवशी ताजंतवानं दिसायचंच नव्हतं.

मॅडम साडेदहाला आल्या. निळी साडी, अंबाड्यात अबोलीचा गजरा. सहाच्या सहा पायऱ्या न थांबता चढल्या. मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवायचा राहिलो. साहेब आणि डॉक्टर साडेबाराला आले, तोवर मी मॅडमना प्रयोगशाळेत झोपवून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी फाइल चाळली. मग म्हणाले, चालून दाखवा. मॅडम चालल्या. बोट दाबा. दाबलं. एका पायावर उभ्या राहा. राहिल्या. गुडघ्यावर हातोडी मारली, पाय छान उडाला.

साहेब खुर्चीत रेलून हसले. “मॅडम, तुमी तं माझ्याहून ठणठणीत आहात. घाटावरची हवाही चांगली आहे.”

डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या क्षणी आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं, आपण काय करून बसलो ते.

“साहेब,” मॅडम उभ्या राहिल्या. “तुमी माझे पाय पाह्यले. मी पायानं शिकवत नाई. दहावीच्या वर्गात चला. एक तास घेऊन दाखवते, उभ्यानं.”

“आता सुट्टीत पोरं कुठून आणाची?”

“तुमीच बसा.”

डॉक्टर उठले म्हणून साहेबही उठले. व्हरांड्यात मॅडम माझ्याजवळ थांबल्या आणि डबी माझ्या हातात दिली. “गोळीची वेळ झाली आहे. शिकवणं होईस्तोवर देऊ नका. मी मागितली तरी.”

“मॅडम, हे बरं नाई.”

“मले मालूम आहे बरं नाई ते.”

वर्गात वीज नव्हती. वरचा पत्रा तापलेला. तिघं पहिल्या बाकावर बसले, मी दाराशी. मॅडमनी खडू घेतला आणि फळ्याच्या अगदी वरच्या टोकापासून सुरुवात केली. पायथागोरसचं प्रमेय. काटकोन त्रिकोण काढला, लंब टाकला, कोपऱ्यांना नावं दिली. “समजा,” म्हणाल्या, आणि आवाज खणखणीत होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

सातव्या-आठव्या मिनिटाला उजवा हात खाली यायला लागला. मॅडमनी डाव्या तळव्याने उजवं कोपर धरलं आणि लिहीत राहिल्या. ओळी तिरप्या होऊन खाली उतरू लागल्या. मग डावी पापणी आली. त्यांनी मान मागे टाकली आणि पापणीखालच्या फटीतून फळा पाहू लागल्या. घाम मानेवरून वाहत होता, गजरा सुटून खांद्यावर आला. ‘समरूप’ म्हणताना नुसती हवा नाकातून गेली. पुढचं वाक्य मला कळलं नाही, कोणालाच कळलं नाही, पण फळ्यावरचं अक्षर वाचता येत होतं.

डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली आणि ते उभेच राहिले. “बस. मॅडम, झालं, बसा.”

मॅडमनी मागे न पाहता हात हलवला. दोन ओळी राहिल्या होत्या. डबी माझ्या मुठीत ओली झाली होती. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि परत मागे आलो. त्या दोन ओळी लिहायला त्यांना किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. शेवटी ‘हे सिद्ध झालं’ लिहून त्या टेबलाचा आधार घेत वळल्या. मान छातीवर पडत होती, हनुवटी हाताने धरून त्यांनी ती वर उचलली.

साहेबांचा चेहरा उतरला होता. पण तो माणूस हरणाऱ्यांतला नाही. “असं असन तं मग प्रश्न वेगळाच झाला,” ते म्हणाले. “ह्या अशा हालतीत इथं तरी कशा शिकवतात? दोन्हीकडं नकोच मग. घरीच आराम करावा.”

मॅडमनी बोलायचा प्रयत्न केला. शब्द फुटला नाही. मग त्यांनी हनुवटी धरलेली ती मान माझ्याकडे वळवली.

मला सगळं ठाऊक होतं. वेळापत्रक मी बसवलं होतं, शनिवारचे तास मी मोजले होते, दहावीचे निकाल वर्षानुवर्षं मी भरून पाठवले होते. एक वाक्य पुरलं असतं. मी बंद पंख्याकडे पाहत राहिलो. साहेबांपुढे बाबूने बोलायचं नसतं, एवढंच माझ्या अंगात भिनलं होतं.

बोलले ते डॉक्टर. “साहेब, शिकवलं की आत्ता. पुरं शिकवलं. मले हे प्रमेय शाळेत कवाच समजलं नव्हतं, आज समजलं.” आणि माझ्याकडे वळून ओरडले, “गोळी द्या हो!”

गोळी दिली, पण ती गिळता येईना. श्वास उथळ झाला. भोयर सरांच्या गाडीत मागच्या सीटवर घातलं, डॉक्टर स्वतः सोबत बसले. यवतमाळ, तिथून नागपूर. चार दिवस श्वासाच्या मशीनवर होत्या, पुढे आठवडाभर वॉर्डात. ते दिवस मी कसे काढले हे मी घरातही कोणाला सांगितलेलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात समितीचा निर्णय आला. तो घेऊन मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. इंगोले भाऊंनी, म्हणजे त्यांच्या मिस्टरांनी, दार उघडलं. मॅडम खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. एका हाताने हनुवटी धरलेली, त्या हातानेच जबडा वर-खाली करून मऊ भात चावणं चाललं होतं. दोन्ही पापण्या मिटलेल्या. मी आलो हे कळल्यावर त्यांनी वाटी बाजूला ठेवली.

मी वाचून दाखवलं. बदली रद्द. याच शाळेत, पहिले तीन तास कायम. भाऊंनी हात जोडले. मी तिथेच थांबणार होतो, पण खाली आणखी एक ओळ होती, आणि मॅडमनी कागदासाठी हात पुढे केला. तर्जनीने उजवी पापणी वर उचलून धरली आणि ती ओळ स्वतः वाचली. ‘सदर सवलत एक वर्षापुरती असून दरवर्षी मे महिन्यात समितीसमोर फेरतपासणी करून घेणे बंधनकारक राहील.’

त्यांचे ओठ हलले. मला कळलं नाही. त्यांनी बोट पापणीवर तसंच ठेवून पुन्हा म्हटलं, एकेक शब्द सुटा करून.

“पुढच्या साली... दुपारी चार वाजता ठेवा म्हणा.”

मग त्या हसल्या. त्या आजारात हसू वर जात नाही, ओठ नुसते फाकतात आणि रडल्यासारखं दिसतं, पण त्या हसत होत्या, हे मी भाऊंच्या तोंडाकडे पाहून ओळखलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो आणि सचिव साहेबांच्या नावाने पत्र टाइप केलं. इंगोले मॅडम कशा शिकवतात, कोणत्या वेळी शिकवतात, निकाल काय लागतात, समितीसमोर मी काय बोललो नाही, आणि यापुढे तपासणी ठेवायचीच असेल तर ती दुपारी चार वाजता ठेवावी. जावक क्रमांक टाकला. दर पत्राखाली मी मुख्याध्यापकांच्या सहीसाठी जागा सोडतो, ती या पत्रात सोडली नाही. खाली माझं नाव लिहिलं आणि सही केली.